बसऱ्याचं पाकीट

"लाख फोडली, पाकीट उघडलं, आन् आत फारमच न्हाय की, साहेब!" लालबीनं कापडी पाकीट फौजदार बसवराजांच्या टेबलावर आपटलं.

साल १९३३. तिचा नवरा इलाहीबक्ष दोन वर्षं तिकडे इराकात, बसऱ्याच्या गोदीत राबत होता. तिथल्या बँकेत तो दोघांच्या नावानं खातं उघडत होता. पाकिटातलं बँकेचं पत्र फौजदारांनी वाचलं. सोबतच्या फॉर्मवर पत्नीचा अंगठा महिनाअखेर पोचला पाहिजे; न पोचल्यास खातेदाराच्या सांगण्यावरून दुसरं नाव भावाचं लागेल.

म्हणजे लालबीला जन्मभर दिराच्या दारात तुकडे मोडणं आलं. तो दीर, अल्लाउद्दीन, समोरच उभा होता. पोस्टमन जोतीरामलाही बोलावून घेतलं होतं.

"पाकीट कुणी घेतलं?"

"म्या. भाबी बाजारात होती. आल्यावर तसंच हातात दिलं. लाख शाबूत होती, गल्लीला इचारा."

"मग फॉर्म कुठं गेला?"

"ह्या टपालवाल्याला इचारा! न्हायतर हिनंच हरवला असंल. बांगडीवाल्याची पोर, हिला कागदातलं काय कळतंय?"

"तोंड सांभाळ!" जोतीराम उसळला. "बारा वर्सं टपाल वाटतोय म्या."

"गप्प बसा सगळे!"

फौजदारांनी पाकिटाभोवतीची सुतळी उलटसुलट पाहिली. पुढच्या गाठीवर फुटलेली लाख होती. मागे आणखी एक गाठ होती, नखाएवढी, टोकं छाटलेली. त्यांनी ठाण्यातल्या दुसऱ्या सुतळीचे तुकडे करून प्रत्येकाला दोन-दोन दिले.

"जोडा."

जोतीरामनं गाठीवर गाठ चढवली. लालबीनं निरगाठ मारून दातानं आवळली. अल्लाउद्दीननं चुटकीसरशी बारीक गाठ घातली, टेबलावरची कात्री उचलली आणि उरलेली टोकं छाटून टाकली.

"शाबास," फौजदार म्हणाले. "लाखेला हात लावला नाहीस. मागून सुतळी कापलीस, फॉर्म काढलास, पुन्हा जोडलीस. सुतळीची टोकं कोण छाटतं रे? मागावरचा धागा तुटला की विणकर छाटतो, फणीत अडकू नये म्हणून. हाताची सवय तुला आवरली नाही."

"सोलापुरात घरोघरी माग हायत!"

"पाकीट घरोघरी गेलं नव्हतं. बँकेनं बांधलं, जोतीरामनं आणलं, तू घेतलंस, हिनं उघडलं. यात विणकर तू एकटा."

अल्लाउद्दीनचा चेहरा पडला. तासाभरात शिपाई फॉर्म घेऊन आला. अल्लाउद्दीनच्या मागावर विणून गुंडाळलेल्या चादरीत तो सापडला होता.

फौजदारांनी फॉर्म वाचला आणि त्यांचा संताप पुन्हा उफाळला. "ऐक, हरामखोरा. 'ही माझीच पत्नी, अशी ग्वाही देणारा विश्वासू माणूस.' पुढे तुझ्या भावानं नाव लिहिलंय. अल्लाउद्दीन, सख्खा भाऊ."

लालबीनं शाईत अंगठा बुडवला आणि दाबून उठवला.

"साक्षीला दुसरा माणूस लागेल, बाई. कुणाचं नाव घालू?"

"कुणाचंबी घाला," ती म्हणाली. "आदी ह्याचं खोडा. ह्याच्या डोळ्यांम्होरं खोडा."