काळ्या आरशातलं हसू

संध्याकाळी चित्रकार ऑल्डन क्रू धापा टाकत हॉटेलात शिरला. त्याचा शिष्य रूफस वेल यानं धबधब्याच्या कड्यावरून उडी टाकली, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूडतोड्यांनी डोहातून प्रेत काढलं.

कॅटस्किलच्या डोंगरावरचं ते हॉटेल न्यूयॉर्कच्या हौशी पाहुण्यांनी भरलेलं. तरुण कलावंत, नुकतीच आई गेलेली, भोवती घनदाट रान. त्या मंडळींना असं मरण फार आवडे. न्याहारी होते न होते तोच एका बाईनं त्यावर दोन कडवीही रचली.

दंडाधिकारी थॅचर चौकशीला आला तेव्हा रूफसची बहीण लव्हिना दारातच उभी होती. खालच्या गावातून चालत आलेली. डोळे कोरडे.

"साहेब, पाद्री म्हणतात, जीव दिलेल्याला चर्चच्या आवारात जागा नाही. रस्त्याकडेला पुरा म्हणतात. आईच्या शेजारची जागा मोकळी आहे हो."

"त्यानं जीव दिला नाही, हे कशावरून?"

"काल दुपारच्या गाडीनं मी त्याला आईच्या दुखवट्याची काळी फीत धाडली. गाडीवानाला तो वाटेतच भेटला. तिथंच दंडाला फीत बांधली आणि रंगाची पेटी घेऊन कड्याकडे गेला. मरायला निघालेला माणूस रंग कशाला नेईल?"

थॅचरनं प्रेत पाहिलं होतं. दंडावर फीत नव्हती. पाण्यानं ओढून नेली असावी.

दिवाणखान्यात क्रूची चित्रं टांगली होती. सगळ्यांत तोच धबधबा, आणि वीज पडून जळालेलं पाइनचं झाड पाण्याच्या डावीकडे. मधोमध नवं चित्र होतं, ज्याची शहरभर वाहवा चालली होती. त्यात मात्र झाड उजवीकडे. सही क्रूचीच.

"तुम्ही कुठं होता, क्रूसाहेब?"

"खाली, सपाट खडकावर. दुपारपासून. धबधब्याकडे पाठ, आणि हातात हा." क्रूनं तळहाताएवढा फुगीर काळा आरसा पुढे केला.

असल्या आरशाचं तेव्हा वेड होतं. काळ्या काचेत कुठलंही रान जुन्या चित्रासारखं दिसे, म्हणून मोठमोठी माणसं निसर्गाकडे पाठ करून निसर्ग बघत. थॅचरला हा शुद्ध गाढवपणा वाटे.

"उघड्या डोळ्यांनी नाही बघत?"

"उघड्या डोळ्यांना सृष्टी ओबडधोबड दिसते. मी आरशात दिसतं तसंच काढतो. बाजू कधीच उलटवत नाही."

"मग काल काय दिसलं?"

"तो झाडापाशी आला. दंडाला काळी फीत, चेहऱ्यावर इतकं शांत हसू... हात पसरले आणि गेला."

"तुम्ही वर कड्यावर गेला होतात?"

"काल पाऊलही ठेवलं नाही. नंतर धीरच झाला नाही."

दुपारी थॅचरनं सगळ्यांना खडकावर बोलावलं.

"क्रूसाहेब, कालच्याच जागी बसा. वर लव्हिना उभी आहे. ती काय करतेय, आरशात बघून सांगा."

क्रूनं आरसा धरला. बराच वेळ न्याहाळलं. "बिचारी. आकाशाकडे बघतेय. ओठ हलताहेत. प्रार्थना करतेय."

"पोरी, बाहेर ये," थॅचर म्हणाला.

लव्हिना खडकामागच्या एका झाडाआडून पुढे आली. वर कड्यावर तिचा झगा घातलेलं गवताचं बुजगावणं होतं. तोंडाच्या जागी पिठाची पिशवी. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ह्या आरशात माणूस गव्हाच्या दाण्याएवढा दिसतो," थॅचर म्हणाला. "सकाळी मीही बसून पाहिलं. तुम्हाला पिशवीचे ओठ हलताना दिसले, ते सोडा. ती तुमची सवय. पण काळ्या काचेत काळी फीत दिसली? ती बहिणीला ठाऊक, गाडीवानाला ठाऊक. प्रेतावर नव्हतीच. ती जवळून बघणारा माणूस रूफसबरोबर वर होता."

"मी माझ्याच शिष्याला कशाला मारू?"

"दिवाणखान्यातल्या चित्रापायी. आरसा उजव्याचं डावं करतो. तुमच्या हातच्या प्रत्येक चित्रात ते झाड डावीकडे आहे. आता वळा आणि खरं झाड बघा."

क्रू सोडून सगळ्यांनी माना वर केल्या. जळकं झाड पाण्याच्या उजवीकडे उभं होतं.

"ते चित्र धबधब्याकडे तोंड करून बसणाऱ्यानं काढलंय. पोरगा त्यावर स्वतःचं नाव मागत होता, होय ना?"

क्रूनं आरसा मांडीवर पालथा ठेवला.

"मी हात जोडले त्याच्यापुढे," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, ही एक सही राहू दे. तुला अख्खं आयुष्य पडलंय. तर हसला. माझ्या तोंडावर हसला."

म्हणजे तेवढं हसू खरं होतं. ते शांत मात्र नव्हतं.

थॅचरच्या शिपायांनी क्रूला उठवलं. कडवी रचणारी बाई जमिनीकडे बघत राहिली.

"साहेब," लव्हिनानं विचारलं, "मग आता आईच्या शेजारी ना?"

"आईच्याच शेजारी. पाद्र्यांशी मी बोलतो."

ती त्याच खडकावर बसली, धबधब्याकडे तोंड करून, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं.