पैलवान मुंग्यांनी फेकलेले दाणे

“नूतन, चल ऊठ! निकाल बघायचाय!” पालाबाहेरून सूरज ओरडला. “आज तुझे पैलवान हरणार!”

“स्वतः मात्र दोन जोरसुद्धा काढू शकत नाही!” त्याची बहीण दिपाली म्हणाली.

ही भावंडं किकवीची. सुट्टीत आजोळी मार्गासनीला आलेली. त्यांच्या आजोबांच्या, म्हणजे चिमाजी अण्णांच्या वावरात नूतनच्या घरच्यांनी पाल ठोकलं होतं. हे लोक डोंगरावरच्या वाडीतले मेंढपाळ. रात्रभर मेंढ्या वावरात बसायच्या, लेंड्यांचं खत अण्णांना मिळायचं, आणि त्याबद्दल अण्णांनी धान्य द्यायचं. देवाणघेवाण सरळ होती. पण धान्य द्यायची वेळ आली की अण्णांना नेमकी कंबरदुखी आठवायची. यंदा मात्र काल संध्याकाळी त्यांनी न मागता बाजरीचं अख्खं पोतं आणून टाकलं होतं. सगळे चाटच पडले!

त्याच संध्याकाळी पोरांनी शर्यत लावली. बांधावर मुंग्यांची दोन बिळं होती, अगदी शेजारीशेजारी. इवल्या कामकरी मुंग्या दाणा ओढून आत नेतात. आत मोठ्या डोक्याच्या मुंग्या असतात, त्यांना पोरं पैलवान म्हणत. ते जबड्यांनी दाणा फोडतात आणि टरफलं बाहेरच्या उकिरड्यावर येऊन पडतात. ज्याच्या उकिरड्यावर टरफलं जास्त, तो जिंकला! सूरजनं आजीच्या घरातल्या धान्याच्या कणगीतली चिमूटभर बाजरी आपल्या बिळापाशी टाकली. नूतननं नव्या पोत्यातली टाकली.

“जिंकलो! माझ्याकडे टरफलांचा ढीग!” बांधावर पोचताच सूरज नाचायला लागला.

नूतन मात्र खाली वाकली ती वाकलेलीच राहिली. तिच्या बिळाबाहेर टरफल नव्हतंच. होते अख्खे दाणे, आणि त्यांच्यात पाय आखडून पडलेले पैलवान. एक इवली मुंगी मेलेल्या पैलवानाला ओढत उकिरड्याकडे चालली होती. मध्येच ती गिरकी घेऊन आडवी झाली.

“रात्रीच्या गारठ्यानं मेल्या असतील,” सूरज म्हणाला.

“मग तुज्या का न्हाई मेल्या? गारठा काय तुज्या बिळाला घाबरतो?” नूतननं विचारलं. “आन् अख्खा दाणा मुंगी कवाच फेकत न्हाई. आत नेलेला दाणा ह्यांनी परत भाईर काढलाय!”

“जागा एकच, गारठा एकच...” दिपाली पुटपुटली. “वेगळी होती ती फक्त बाजरी!”

नूतनची आई तीच बाजरी पहाटे गिरणीतून दळून आणणार होती. नूतननं पालाकडे पाहिलं. चुलीचा धूर निघत होता!

ती धावत सुटली. ढेकळांत दोनदा पडली. पालापाशी आई, साळूबाई, भाकरी थापत होती आणि धाकटा बंडू हातातला तुकडा तोंडाकडे नेत होता.

नूतननं फटका मारून तो उडवला. बंडूनं भोकाड पसरलं.

“अगं, येड लागलं का तुला?” साळूबाई कडाडली.

“गिळलास का? आ कर! आ कर बंडू!” नूतननं त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. भाकरी गरम होती, म्हणून स्वारी अजून फुंकरच घालत होती!

आरडाओरडा ऐकून अण्णा आले. मागून ताकाची कासंडी घेऊन ठकुबाई आजी आल्या. मुंग्यांची हकिकत ऐकून अण्णा भडकले, “म्हंजे आता मुंग्या माज्यावर फिर्याद करणार व्हय? दान करावं आन् वर हे ऐकावं!”

अण्णा रुसले, तर मेंढरं घेऊन जायचं कुठं? साळूबाईनं हळूच परातीकडे हात नेला. आता ती दुसरी भाकरी थापणार!

नूतननं तव्यावरची भाकरी ताटात घेऊन अण्णांसमोर धरली. “ऱ्हायलं अण्णा, माजंच चुकलं. तुमी मोठं. पयला घास तुमीच घ्या.”

फुकटचं ताट अण्णांनी आजवर कधी परतवलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. त्यांनी खरंच खाल्लं तर? नूतननं ताट घट्ट धरून ठेवलं.

“अवो, खाऊ नगा!” आजी किंचाळल्या. कासंडी हातातून सुटली, ताक जमिनीवर सांडलं. “ते बियाणं हाय! गेल्या सालचं उरलेलं, औषध चोळलेलं, लालभडक!”

“पर तू तीन पाण्यातनं धुतलंस की!” अण्णा गोंधळले. “समदा रंग गेला!”

“रंग गेला आजोबा, विष नाही गेलं!” दिपाली म्हणाली.

अण्णांचा पुढे आलेला हात तसाच अधांतरी राहिला. मग ते मटकन खाली बसले. “पोरी... म्या सोता खाणार हुतो गं. मला वाटलं, धुतलं की झालं.”

सूरजनं खोल खड्डा खणला. पीठ, उरलेली बाजरी, भाकऱ्या, सगळं मेंढ्यांना उकरता येणार नाही असं पुरलं. परात, तवा घासून झाले. बंडू दिवसभर हुंदडत होता, तरी तो नुसता शिंकला की नूतनचा जीव खालीवर व्हायचा.

दिवस कलताना अण्णा आले, स्वतःच्या डोक्यावर कणगीतल्या बाजरीचं पोतं घेऊन. कंबरदुखीचं नावही काढलं नाही!

“नूतन नसती, तर आज माज्या हातून काय झालं असतं, ते बोलवत न्हाई,” ते म्हणाले. “साळूबाई, पुढल्या साली मेंढरं हितंच बसवा.”

“बसवू की,” साळूबाईनं लेकीला जवळ ओढलं. “पर दाणा आमची पोर बघंल. तिनं व्हय म्हनलं, तरच घेऊ.”

अण्णांनी आजवर घासाघीस केल्याशिवाय एकही अट मानली नव्हती. ही मानली. त्यांनी पोत्याची गाठ सोडली, त्याचं तोंड उघडलं आणि नूतन काय म्हणते याची वाट बघत हात बांधून उभे राहिले.