उजवा कान

पहिल्याच भेटीत कुणी आपल्याला "कान दाखवा" म्हणेल, असं चैतालीच्या स्वप्नातही नव्हतं.

शालिमारकडे जाणारी बस चुकली, म्हणून ती सातपूर कॉलनीतल्या त्या खोलीएवढ्या फोटो स्टुडिओत शिरली होती. फोटोग्राफर प्रफुल्लनं तिनं दिलेला व्हिसाच्या फोटोच्या सूचनांचा कागद वाचला आणि मान वर केली.

"उजवा कान उघडा पाहिजे. कानात काही नको."

"माझा कान कशाला हवाय?"

"मला नकोय हो, अमेरिकेला हवाय. देश मोठा, आवड अजब." तो कॅमेऱ्याआडून म्हणाला. "आणि हसायचं नाही."

"मग तुम्ही बोलू नका..."

दुसऱ्या दिवशी फोटो घ्यायला आली, तर कानावर केसांची बट. पुन्हा काढला, पुन्हा बट. तिसऱ्या खेपेला मात्र तिचा पारा चढला. बट तुम्हाला दिसत नाही का, असं तिनं सरळच विचारलं.

"दिसते ना," प्रफुल्ल खाली बघत म्हणाला, "तीच तर बघत बसतो..."

तिसऱ्या फोटोत कान स्वच्छ दिसला, पण लालबुंद.

चैताली सत्तावीस वर्षांची, शाळेत शिक्षिका, आणि अजून बिनलग्नाची. वस्तीतल्या बायकांना याचं कोडं पडे. तिला सांभाळणारी शकुमावशी स्थळ घेऊन येणाऱ्यांना चहा पाजायची आणि वाटेला लावायची. कारण साधं होतं. चैतालीची आई लताबाई नर्स म्हणून अमेरिकेला गेली, तेव्हा लेकीची बारावी होऊ दे म्हणून तिला मागे ठेवलं. तिथं कायम राहण्याचं हिरवं कार्ड आईच्या हातात पडेपर्यंत लेकीनं एकविशी ओलांडली होती. आईनं तिला बोलावण्याचा अर्ज केला, पण लहान मुलांच्या रांगेतून नाव गेलं आणि मोठ्या मुलामुलींच्या रांगेत, पार शेवटी जाऊन लागलं. त्या रांगेची अट एकच: लग्न झालेलं नसावं. लग्न झालं की अर्ज तिथंच संपला.

नंबर आता येईल, मग येईल, असं चाललं होतं. एखाद्या महिन्यात रांग पुढे सरके, एखाद्या महिन्यात चक्क मागे जाई. फोटो मात्र सहा महिन्यांत शिळा व्हायचा. चैताली पुन्हा स्टुडिओत, पुन्हा स्टुलावर. मधल्या महिन्यांत दोघं त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्यांवर बसत, खाली कंपन्यांच्या पत्र्यांवर ऊन उतरताना बघत. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. रांग मागे गेली की तिला आनंद व्हायचा, आणि आईचा फोन आला की त्या आनंदाची लाज वाटायची.

अशी दोन वर्षं गेली. मग मुंबईच्या वकिलातीचं बोलावणं आलं. त्या संध्याकाळी दोघं पायऱ्यांवर बसले होते.

"विहारात लग्न करू," प्रफुल्ल म्हणाला. "भन्तेजी, मावशी, माझी आई, बस. नोंदणी करायची नाही. कागदावर तू आहेस तशीच राहशील. जा, आईला भेट, येत-जात राहा. बाबा अंथरुणाला खिळलेत, मला कुठं हलता येतंय?" मग हसून म्हणाला, "आणि फोटो काढायचा नाही. जगाच्या लग्नांचे काढले, आपलाच तेवढा नको... पुरावा राहतो."

चैताली हो म्हणाली. रात्रभर हो म्हणत राहिली. सकाळी मात्र मन खायला लागलं आणि ती कोर्टासमोरच्या यादव वकिलांकडे गेली.

वकील प्रेमळ होते, म्हणून त्यांनी काहीच लपवलं नाही. विहारात विधीनं लग्न लागलं की लागलं, नोंद असो नसो. वकिलातीत कुमारी म्हणून शपथेवर सांगितलं आणि पुढं उघडकीला आलं, तर कार्ड जाईल, दार कायमचं बंद होऊ शकेल. लग्न झालेल्या मुलीला तिथला नागरिकच बोलावू शकतो, आणि आई अजून अमेरिकेची नागरिक नाही. उद्या झाली, तरी विवाहित मुलीची रांग नव्यानं, शेवटापासून. आधी जाऊन मागाहून लग्न केलं, तर नवऱ्याच्या अर्जाला आणखी काही वर्षं. आणि ते कार्ड येऊन-जाऊन राहणाऱ्यांसाठी नसतं, पोरी, तिथं नांदणाऱ्यांसाठी असतं.

तिनं बूथवरून आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"तुझ्या मनाला येईल ते कर गं," आई म्हणाली. "फक्त आधी कळव. तू येशील म्हणून मी दोन खोल्यांचं घर धरून ठेवलंय. नाहीतर एका खोलीत जाते."

आईच्या आवाजात राग असता, तर चैताली भांडली असती. राग नव्हताच. ती बूथमधल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडली, आणि तिचं जायचं ठरलं.

शेवटच्या फोटोला ती आली, तेव्हा प्रफुल्लला काही सांगावं लागलं नाही. वाट बघू नकोस, एवढंच ती म्हणाली. ते मी बघतो, म्हणून त्यानं दिवे लावले. ती चेहरा वळवून बसली. तीच बट कानावर आली होती.

या दोन वर्षांत फोटो काढताना त्यानं तिला कधी हात लावला नव्हता. आज तो कॅमेऱ्याआडून बाहेर आला. बट बोटांनी अलगद उचलून त्यानं कानामागे सारली.

"हलू नका," तो म्हणाला.

हा फोटो पहिल्याच खेपेला बरोबर आला.

मुंबईत काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली. मग उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घ्यायला लावली. शेजारच्या दुभाषी बाईनं त्याचा प्रश्न मराठीत विचारला, लग्न झालंय का?

"नाही," चैताली म्हणाली.

शिक्का बसला. रडता कशाला, काम झालं की तुमचं, असं दुभाषी बाई म्हणाली. तिला काय सांगणार? खोटं बोलावं लागलं असतं, तर चैताली घाबरली असती, अडखळली असती... पण उत्तर खरं होतं.