येताना नेतो

ही हकिकत जशी घडली तशीच आपल्याला सांगता येईल का, याची श्रीधर टिपणिसांना स्वतःलाच खात्री नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. माणसाची आठवण किती बेभरवशाची असते, हे त्यांनी फळ्यावर आकडे मांडून कितीतरी मुलांना पटवून दिलं होतं. आता त्यांच्याच आठवणीला एक भोक पडलं होतं.

जानेवारीतली रविवारची सकाळ. मंदाकिनीबाईंना सासवडचे अंजीर हवे होते, म्हणून ते बिबवेवाडीहून मोटरसायकल काढून बोपदेव घाटाने गेले होते. सासवडला अंजीर घेतले, परतताना घाटमाथ्यावर टपरीत एकट्यानेच चहा प्यायले, पेल्याचा काठ टवकलेला होता. इथपर्यंत सगळं स्वच्छ आठवत होतं. त्यापुढे एकदम दवाखान्याचं पांढरं छत आणि मंदाकिनीबाईंचा आवाज, "अहो, डोळे उघडा. अंजीर राहू देत, डोळे तेवढे उघडा."

मधली वीसेक मिनिटं गेली ती गेलीच. डोक्याला मुका मार लागला की मेंदू असे तुकडे गाळतो, असं डॉक्टर म्हणाले. उतारावरच्या एका उजव्या वळणावर बारीक खडीत गाडी घसरली होती. खांद्याजवळचं हाड मोडलं, डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी तडकला. झालं ते एवढंच, असं सगळे म्हणत होते.

पण भोकाच्या अलीकडच्या काठावर एक आठवण होती, आणि ती काही गळत नव्हती.

त्याच सकाळी घाट चढताना, माथ्याच्या जरा खाली, एका वळणावर म्हातारी बाई उभी होती. हनुवटीवर गोंदण, काखेत गाठोडं. तिने हात केला. ते थांबले.

"खाली मार्केट यार्डाला सोडता का वो? लेकीकडं जायचंय."

"आजी, मी वर चाललोय. येताना नेतो."

आपण रस्त्यावरच्या फळवाल्याला म्हणतो ना, 'येताना घेतो'? तसंच ते म्हणाले. त्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो. कुणी येत नाही, कुणी थांबत नाही. पण म्हातारी म्हणाली, "मंग मी हितंच थांबते," आणि खरोखरच कठड्यावर बसली.

गाडी पडली ते वळण तिच्या वळणाच्या खाली दोन वळणं होतं.

येताना आपण थांबलो का? तिला मागे बसवलं का? त्यांनी पोलिसांना विचारलं, उचलणाऱ्या पोरांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "तुम्ही एकटेच होतात, सर." पण त्या वळणाच्या खाली घाणेरीची दाट झुडपं होती आणि त्याखाली सरळ उतार. तिथे कुणी उतरून पाहिलं होतं का? हे विचारायला मात्र त्यांची जीभ रेटली नाही. वरच्या गावात जाऊन चौकशी करणं सोपं होतं. तेही त्यांनी केलं नाही. कुणाच्या तरी भिंतीवर हार घातलेला फोटो दिसेल, हनुवटीवर गोंदण असलेला, या भीतीने त्यांनी तो रस्ताच मनातून खोडला.

हाडं जुळायला पाच महिने लागले. भीती मात्र जुळून घट्ट झाली. नात ओवीच्या स्कूटरवर मागे बसले तरी वळण आलं की ते डोळे मिटून घेत.

"आजोबा, मी वीसच्या स्पीडला आहे," ओवी म्हणायची. "शेजारून सायकलवाला पुढे गेला आत्ता."

"जाऊ दे त्याला. घाई असेल."

"तुम्ही माझा खांदा सोडा ना जरा. निळा पडलाय."

मंदाकिनीबाई वेगळ्याच तऱ्हेने धीर देत. "पडायचंच असेल तर आपल्या सोसायटीच्या दारात पडत जा. मला लिफ्टने येता येईल." पण गाडीवरची धूळ रोज त्याच पुसत होत्या, हे श्रीधररावांनी खिडकीतून पाहिलं होतं.

शेवटी एका रविवारी, सकाळी सहाला, ते गाडी घेऊन बाहेर पडले. कोंढव्यापर्यंत गेले आणि परत आले. पुढच्या रविवारी घाटाच्या पायथ्यापर्यंत. मग त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. दर रविवारी एकच वळण जास्त. ते गाठायचं, गाडी वळवायची, परत यायचं. आपण पडलो त्या वळणावर तर त्यांनी गाडी बंद केली, उतरून ती ढकलत वळणापलीकडे नेली. मागून येणाऱ्या दुधवाल्याने विचारलं, "काका, पेट्रोल संपलं का?" ते "हो" म्हणाले.

तिच्या वळणावर ते पोचले तेव्हा श्रावण लागला होता. धुकं असं उतरलं होतं की कठडा संपून दरी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. गाडी वळवून ते क्षणभर थांबले. इंजिनाचा संथ ठोका, पानांवरून ओघळणारं पाणी, बाकी काही नाही. कठड्यावर कुणी नव्हतं. दोन पोपटी पानं ओल्या दगडाला चिकटून बसली होती.

मग मागचे शॉकअप हळूच दबले.

कुणी बसलं की दबतात तसेच. आधी एका बाजूने थोडे, मग सावरून सारखे. त्यांच्या पाठीला काहीतरी मऊ टेकलं. गाठोडं, त्यांच्या मनात आलं. आणि वास आला, सावलीत वाळत घातलेल्या, अजून पुरतं न वाळलेल्या कापडाचा.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. का, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. भीती वाटली म्हणावं तर तसंही नव्हतं. पहाटेच्या झोपेत पायाशी कुणीतरी पांघरूण सारखं करतं आणि आपण डोळे उघडत नाही, तसं काहीसं झालं होतं. त्यांनी क्लच सोडला.

पहिलं वळण आलं. कानामागे, अगदी हळू, "आता..."

त्यांनी गाडी झुकवली. मागचं वजनही त्यांच्याबरोबर झुकलं, तसूभरही कमी नाही की जास्त नाही. दुसरं वळण आलं, खडीचं. "आता..." रस्ता धुक्यातून जणू स्वतःच वळत त्यांच्या चाकाखाली आला आणि मागे गेला. पायथ्याशी येईपर्यंत आपण एकदाही ब्रेकवर पाय दाबून धरला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

कोंढवा ओलांडून गंगाधाम चौकाच्या सिग्नलला ते थांबले. उजवीकडे मार्केट यार्डाकडे टेम्पो वळत होते. तिथे सीट किंचित वर आली. पाठ एकदम गार पडली.

त्यानंतर दर रविवारी हेच. वर जाताना ते एकटे असत. तिच्या वळणावर गाडी वळवली की मागे वजन येई आणि गंगाधामला उतरून जाई. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. शहरात, आठवड्याच्या दिवशीही, ते पूर्वीपेक्षा चांगली गाडी चालवू लागले. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "हल्ली गुणगुणत गाडी काढता. घाटात कुणी भेटतं वाटतं?"

"भेटतं ना. धुकं."

"मग धुक्याला एकदा घरी चहाला बोलवा. मलाही बघू दे."

त्या हसल्या. श्रीधररावांना हसू फुटलं नाही.

एकदा ओवीने हट्ट धरला, "मी येते रविवारी मागे बसून. तुमचं फुल कमबॅक बघायचंय मला."

"जागा नाही," ते इतकं तोडून बोलले की ती चपापली.

"आजोबा, एवढी मोठी सीट आहे!"

"पुढच्या वेळी बघू."

ती 'पुढची वेळ' त्यांनी कधी येऊ दिली नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्यांनी धीर केला. आभाळ निरभ्र होतं, खाली शहराच्या इमारती उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. वजन येऊन बसलं. गाडी सुरू करण्याआधी, पुढच्या रस्त्याकडे बघतच, त्यांनी विचारलं,

"आजी... त्या दिवशी तुम्ही मागे बसला होतात?"

ते निघाले. पहिलं वळण गेलं. खडीचं वळण समोर आलं तेव्हा कानामागे नेहमीचा 'आता' आला नाही. त्याऐवजी, तितकंच हळू, तितकंच शांत...

"हो."

गाडी झुकली, वळली, सरळ झाली. त्यांच्या हातांनी आपलं काम चोख केलं. हेल्मेटच्या आत मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काचेवर वाफ धरत होती. म्हणजे थांबलो होतो. बसवलं होतं. पाडलं होतं.

पोलिसांत जावं का? कुणाचं नाव सांगायचं? काय सांगायचं, की मेलेल्या बाईने स्वतः कबूल केलं? रात्ररात्र ते कूस बदलत राहिले. मंदाकिनीबाईंनाही त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट त्यांच्यापासून लपवली. शेवटी त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं. आपण 'येताना नेतो' म्हणालो होतो आणि तिला लेकीकडे पोचवलं नाही. तर मग पोचवत राहायचं. पाऊस असो, थंडी असो, ओवीचा साखरपुडा असो, रविवारी सकाळी ते घाटात जात. चार वर्षं त्यांनी तो नेम चुकवला नाही. त्या चार वर्षांत गाडीला ओरखडाही पडला नाही.

मग डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी कडेचं नीट दिसेना. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. शेवटच्या रविवारी गंगाधामच्या सिग्नलला ते म्हणाले, "आजी, पुढच्या रविवारपासून मला येता यायचं नाही. मला माफ करा." सीट वर आली, नेहमीसारखीच. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला.

गाडी विकली त्याच आठवड्यात त्यांनी ओवीला म्हटलं, "मला घाटाच्या वर एका घरी जायचंय. कुणाचं घर ते माहीत नाही, शोधावं लागेल." आता लपवण्यात अर्थ नव्हता. पाच वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ज्या घरातली म्हातारी नाहीशी झाली, त्या घरातल्या माणसांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. ओवीने प्रश्न विचारले नाहीत. तिने कार काढली.

घाट चढून गेल्यावर, बोपगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला चिंचेखाली अंजिराच्या पाट्या लावून एक म्हातारी बसली होती. ओवीने चौकशीसाठी गाडी थांबवली. श्रीधररावांनी काच खाली केली आणि त्यांचा हात काचेच्या बटणावरच राहिला.

हनुवटीवर गोंदण होतं.

म्हातारीने कपाळावर हात धरून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मोटरसायकलवालं न्हवं का तुमी? घाटात पडलेलं?"

"आजी... तुम्ही..."

"मी सोजरबाई. तुमी म्हनला व्हतात, येताना नेतो."

"मग मी तुम्हाला नेलं ना? तुम्ही बसला होतात ना मागे?"

"मी?" ती हसली. दोनच दात होते. "म्या जल्मात कंदी बसले न्हाई त्या गाडीवर. मी टेम्पोनं गेले. सांजच्याला लेकीच्या घरी कळलं, मोटरसायकल पडली म्हनून."

श्रीधररावांच्या छातीवरचा दगड उतरला. पाच वर्षांचा दगड. ओवीने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना रडू येणार होतं, हसूही येणार होतं.

"म्हणजे मी थांबलोच नाही," ते म्हणाले. "माफ करा, आजी. तुम्ही ताटकळलात."

"थांबला की! शब्दाला जागलात. गाडी हुबी केलीत, 'बसा आजी' म्हनलात." सोजरबाई एक अंजीर पुसून ओवीच्या हातात देत होती. "पर बसू कुटं? मागं बाई बसलेली."

घाटातून एक टेम्पो कण्हत वर आला आणि निघून गेला.

"कोण बाई?" ओवीने विचारलं.

"मला काय ठावं? ह्यांच्या मंडळी आसतील म्हनलं. तोंडाला सगळं फडकं गुंडाळल्यालं, तुमी शेरातल्या पोरी गुंडाळता तसं. भिजल्यालं व्हतं, थंडीचं. मी गाठोडं घिऊन फुडं झाले तर तिनं मला हातानं असं केलं." सोजरबाईने तळहात हलवला. नको. "बोलली न्हाई काय. मंग तुमी ग्येलात."

श्रीधररावांनी तिला पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. आठवणीचा भरवसा नसतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी तिला वार विचारला, वेळ विचारली, गाडीचा रंग विचारला. तिन्ही वेळा तिने तेच सांगितलं, आणि एकाही गोष्टीत ती चुकली नाही.

मग तिनेच, आवाज खाली आणून, इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं.

"वाचल्या का वो त्या बाई?"