काकडीची चूक नव्हती

बाबांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा जेमतेम वाटाण्याएवढा होता, आणि काप्या तो भराभर संपवत होता.

काप्या म्हणजे चांद्रवस्तीच्या दवाखान्यातला यंत्रमानव. गाठ कसली आहे, हे त्यानं काढलेल्या कापांतल्या पेशी बघूनच कळणार होतं, आणि कृत्तिका त्याच्या हातांवरून नजर हलवत नव्हती. तिचे आबा ऊतितज्ज्ञ (ऊती म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह), पण आज तेही नातीची नजर टाळत होते.

"आबा, इतकं पातळ कशाला कापायचं?"

"जाड कापातून उजेड आरपार जात नाही. पेशी एकमेकींआड लपतात. म्हणून तुकडा मेणात बसवायचा, म्हणजे तो पात्याखाली चेंगरत नाही, आणि मायक्रोटोमवर (अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) केसाहून कितीतरी पातळ कापायचा."

"पुन्हा फाटला," काप्या म्हणाला. प्रत्येक कापावर उभी रेघ उमटत होती, नेमकी बघायच्या पेशींवरून. "गाठीत खडा असावा. मानेतून दुसरा तुकडा काढावा लागेल."

म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. बाबा तर पहिल्याच टाक्यांनी कण्हत होते. कृत्तिकाला रडू येत होतं, तरी ती कापांकडे बघत राहिली. रेघ दरवेळी त्याच जागी होती. अशी रेघ तिनं काकडीवर पाहिली होती. बाबांनी पृथ्वीवरून हौसेनं विळी आणली आणि तिच्यावर करवंटी फोडायचा पराक्रम केला. तेव्हापासून प्रत्येक चकतीवर रेघ उठायची, आणि बाबा नावं ठेवायचे काकडीला. नाचता येईना, अंगण वाकडं.

"आबा, खाच पात्यालाच असेल तर?"

आबा थबकले. "खाचेपाशी धार कापत नाही, फाडते. काप्या, पातं जरा बाजूला सरकव. रेघही सरकली तर दोष पात्याचा. जागीच राहिली तर खडा गाठीतच."

तुकडा आता जेमतेम उरला होता. नवा काप सुरकुत्या जाव्यात म्हणून ठेवलेल्या कोमट पाण्यावर तरंगला. रेघ सरकली होती.

काप्यानं कोरं पातं बसवलं. पुढचा काप नितळ आला. तो रंगवून आबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"जंतूंमुळे आलेली सूज आहे," आबा शेवटी म्हणाले. "औषधानं उतरेल."

"यापुढे प्रत्येक रुग्णाच्या वेळी मी आधी पातं तपासेन," काप्या म्हणाला.

कृत्तिका धावत बाबांच्या खाटेपाशी गेली.

"बाबा, आता पुन्हा कापायचं नाही. औषधानं बरं होणार आहे." तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "आणि काकडीची काही चूक नव्हती."