दर रविवारी डाकोटा

"दहा मिनिटं थांबावं लागंल," आतून आवाज आला. "बेळगाव दिसायला लागलंय."

मी घोडेगावात, हायवेला लागून असलेल्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात उभी होते. पायाशी आमच्या जनावरांच्या दवाखान्याची जळालेली पाण्याची मोटर. बेळगाव तिथून चारशे किलोमीटर तरी असेल.

दुकानाच्या मागच्या खोलीतून घरघर येत होती, जड आणि एका लयीतली. मी पडदा बाजूला केला. भंगारातल्या जीपची सीट, तिच्यापुढं तीन कॉम्प्युटरचे पडदे, लेथवर घडवलेले दांडे, स्टिअरिंगसारखं एक चाक, आणि कानाला हेडफोन लावलेला, कोपरापर्यंत ग्रीस लागलेला एक माणूस. समोरच्या पडद्यावर धावपट्टी हळूहळू मोठी होत होती. टेकली, उसळली, पुन्हा टेकली. मग त्यानं हेडफोन काढला, आणि मला बघून ताडकन उभा राहिला.

"बोला, मॅडम."

"उसळलात तुम्ही."

"डाकोटा हाय. उसळतंच," तो म्हणाला. त्यात लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता.

त्याचं नाव कानिफनाथ. आयटीआय झालेला, बोलणं मोजकं. सत्तर वर्षांपूर्वीची, डाकोटासारखी पंख्यांची विमानं तो दर रविवारी कॉम्प्युटरवर उडवायचा. तेव्हाची वेळापत्रकं त्यानं कुठून कुठून जमवली होती. त्या काळी दोन तास लागत असतील, तर यालाही दोन तासच लागणार. मध्ये थांबणं नाही, वेळ पळवणं नाही. "तेवढं तरी प्रामाणिक पायजे," असं तो म्हणायचा.

मी स्नेहल, पशुधन पर्यवेक्षक. बाजाराच्या दिवशी शेकडो जनावरं नजरेखालून जातात. दात बघून वय, छाती बघून वजन, डोळे बघून मालक खरं बोलतोय की खोटं... सवयच झाली आहे. माणसांचंही मी तेच करते, फक्त बोलत नाही. कानिफनाथची नोंद मी त्याच दिवशी केली. हात स्थिर, डोळे समोरच्याच्या खांद्यावर, मोटर वेळेवर देईल.

पुढच्या रविवारी मोटर खरंच तयार होती. मी ती उचलणार, तोच तो म्हणाला, "अहमदाबादला चाललोय. मुंबईहून. बसणार का?"

"परत कधी?"

"दोन तासांत. फक्त... वजन सांगावं लागंल."

"काय?"

"तक्ता भरावा लागतो. प्रवासी, सामान, टपाल, कर्मचारी. सगळ्यांचं वजन लिहिल्याशिवाय मी विमान हलवत न्हाई." तो एव्हाना कानापर्यंत लाल झाला होता. "न्हाई सांगितलं तरी चालंल. अंदाजानं लिहितो."

"अंदाज तुम्ही नका करू, तो माझा धंदा आहे. पंचावन्न. आणि तुम्ही बासष्ट."

"साठ."

"साठ उन्हाळ्यात असाल. आत्ता बासष्ट."

तांब्याची तार तोलायच्या दुकानातल्या काट्यावर तो जाऊन उभा राहिला. मग खाली उतरून त्यानं तक्त्यात बासष्ट लिहिलं.

मी मागच्या स्टुलावर बसले. शेजारी एक छोटा पडदा, तीच माझी खिडकी. अर्ध्या तासानं त्यानं मागं न बघता एक कागद पुढं केला. जुन्या विमानांत कप्तान अशी चिठ्ठी मागं पाठवायचा म्हणे, आणि प्रवासी ती वाचून शेजाऱ्याच्या हातात द्यायचे. मला शेजारी नव्हता, म्हणून चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली.

"उंची सात हजार फूट. बाहेर बारा अंश. डावीकडे दमण."

दुसऱ्या रविवारची चिठ्ठी: "नर्मदा ओलांडली. तुमचा चहा निवतोय." तिसऱ्या रविवारची: "समोरून वारा. पोचायला उशीर होईल. तक्रार नाही."

माझीही नव्हती. पण हे मी त्याला सांगितलं नाही. माणसाला आधी चारा-पाणी करताना बघावं, मग मत द्यावं, हे माझं धोरण. मी फक्त बघत राहिले... वळण घेताना तो स्वतःही त्या बाजूला कसा किंचित कलतो, आणि मी स्टूल सरकवलं की मान न वळवता कसा हसतो.

चौथी चिठ्ठी आली तेव्हा मी पिवळा ड्रेस घातला होता.

"ढग आहेत. शिवाय मागे पिवळा रंग. समोर बघणं अवघड."

मी वाचली. दोनदा वाचली. घडी करून पर्समध्ये ठेवली आणि काहीच बोलले नाही, कारण छातीत जे चाललं होतं ते आवाजात उतरलं असतं. उतरताना विमान चांगलं तीनदा उसळलं.

त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या.

पुढचा रविवार भोपाळ. चिठ्ठी नाही. त्याच्या पुढचा नागपूर. नाहीच. दर दहा मिनिटांनी तो नुसतं विचारायचा, "तेलाचं प्रेशर बघा बरं, तुमच्या बाजूचं," किंवा "नकाशा धरा जरा." मी बघायचे, धरायचे. आणि मनात म्हणायचे, झालं. लिहून बसला आणि आता पस्तावला. आता मला कामाला लावून विषय बुजवतोय. शेकडो मालक बघितलेत मी, सौदा नको झाला की असेच दुसऱ्या गोष्टी बोलायला लागतात.

त्याच आठवड्यात नगरहून तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. पिंपरीचं स्थळ होतं. मुलगा इंजिनिअर, त्याला मी फोटोत आवडून गेलेली. "पोरी, त्यांनी पुढं यायचं का न्हाई ते रविवारी एकच्या आत सांगायचं हाय. तुझ्या मनात दुसरं काय असंल तर आताच बोल."

"नाही काही," मी म्हणाले. मग घाईघाईनं, "रविवारी सांगते."

रविवारी अकराला अहमदाबादहून जयपूरचं विमान सुटलं. मी स्टुलावर. साडेबारा वाजले तरी चिठ्ठी नाही. पडद्यावर खाली कोरडी तपकिरी जमीन, इंजिनांची घरघर, आणि त्याची ती पाठ. फोन माझ्या हातात होता.

"मला एक वाजता घरी फोन करायचाय," मी म्हणाले. "एका स्थळाला होकार द्यायचाय."

चाकावरचा त्याचा हात थांबला. विमान थोडं खाली आलं. त्यानं ते सावरलं.

"चांगलं हाय का?"

"इंजिनिअर आहे. चिठ्ठ्या लिहीत असेल की नाही, माहीत नाही."

त्यानं होकायंत्र बघितलं, पुन्हा बघितलं.

"तुम्ही का बंद केल्या?" शेवटी मीच विचारलं. "एवढं तरी सांगा. मग मी जाते."

"चिठ्ठी प्रवाशाला देत्यात," तो म्हणाला.

"मग मी कोण आहे?"

विमान सोडून उठणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं एका हातानं भिंतीवरच्या तारेकडं बोट दाखवलं. सगळ्या उड्डाणांचे तक्ते तिथं अडकवलेले असायचे. मी ते काढले. अहमदाबाद, पहिल्या रविवारचा: प्रवासी एक, पंचावन्न किलो. पुढचे तिन्ही तसेच. मग भोपाळ. प्रवासी या शब्दापुढं शून्य. आणि खाली, कर्मचाऱ्यांच्या रकान्यात, रिवायंडिंगच्या पावतीवर असतं तसल्या टपोऱ्या अक्षरात: कानिफनाथ, बासष्ट. स्नेहल, पंचावन्न. नागपूरच्या तक्त्यात तेच. आजच्याही.

"पिवळ्या ड्रेसनंतर..." तो पुढं बघतच म्हणाला, "तुमी काय बोलला न्हाईत. पण आलात की पुढच्या रविवारी. मला वाटलं, ठरलं."

"मला कधी सांगितलंत?"

"नोंद केली की."

"नोंद केली म्हणजे सांगितलं?"

"तुमी बाजारात म्हैस तपासून तिच्या शिंगावर खूण करता. म्हशीला विचारता व्हय?"

"मी म्हैस नाही, कानिफनाथ."

"न्हाई," तो लगेच म्हणाला. "म्हशीची भीती न्हाई वाटत मला."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही. एवढी माणसं पारखली मी, आणि ज्यानं मला तेलाचं प्रेशर बघायला लावलं, त्यालाच चुकीचं वाचलं. त्याच्या लेखी ती बढती होती.

एक वाजायला पाच मिनिटं होती. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"तात्या, त्यांना नाही म्हणून कळवा."

"दुसरं कोण हाय का?"

"आहे."

"तिथंच हाय?"

"समोरच बसलाय."

"दे त्याच्याकडं."

मोठ्या माणसाशी बसून बोलायचं कसं, म्हणून कानिफनाथ उठला. पाच हजार फुटांवर, दोन्ही इंजिनं चालू असताना. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "धर." मी जीपच्या सीटवर बसले आणि ते चाक दोन्ही हातांनी धरलं. ते धडधडत होतं.

मागं तो बोलत होता.

"नमस्कार तात्या. मी कानिफनाथ. घोडेगावला मोटरी भरतो... न्हाई, पायलट न्हाई. विमान कॉम्प्युटरवरचं हाय, खोटं. बाकी खरं हाय... व्हय, आवडती. पहिल्या दिवसापासून... तिला? तिला अजून तोंडानं सांगितलं न्हाई. तुमालाच पहिल्यांदा सांगतोय."

"अरे बाबा," तात्या म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हसू मला स्पष्ट ऐकू आलं, "मग मला काय सांगतो? ती तिथंच हाय ना? तिला सांग, आणि दोघं जेवायला या."

फोन बंद झाला. समोर जयपूरचे डोंगर दिसायला लागले होते. विमान डावीकडं कलत चाललं होतं आणि ते सरळ कसं करतात, मला ठाऊक नव्हतं. मागून त्याचा हात आला, माझ्या हातावर टेकला, ग्रीससकट.

"स्नेहल," तो माझ्या कानाशी म्हणाला, "सांगू का?"

"सांग," मी म्हणाले. "पण आधी हे खाली कसं घ्यायचं, ते सांग."