लाल चुंबक

ही गोष्ट खरी आहे. मनाने रचली असती, तर आमच्या भावोजींना जरा बरा माणूस केला असता.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. प्रोजेक्ट मॅनेजर. आयुष्यात एक खिळा ठोकला नाही, पण एक सात मजली इमारत "मी उभी केली" म्हणून सांगतात.

तिच्या साइटवर एक फळा होता. प्रत्येक कामापुढे चुंबक. हिरवं म्हणजे झालं, लाल म्हणजे बाकी. रोज सकाळी नऊला सगळे फळ्यापुढे गोल उभे राहायचे आणि एकेक जण आपल्या कामाचं सांगायचा.

लिफ्टचा मिस्त्री अकरा दिवस एकच सांगत होता.

"साहेब, ब्रेकची चाचणी बाकी आहे. दोन माणसं द्या."

"तुझी आपली रोजची रड!" भावोजी खेकसले. त्या दिवशी मालक येणार होते. भावोजींनी लाल चुंबक काढलं, हिरवं लावलं. झाली चाचणी!

मिस्त्री दुपारी एकटाच चाचणी करायला गेला...

लिफ्टच्या खड्ड्यात पडला. जागीच गेला.

भावोजींनी अहवालात काय लिहावं? "विनापरवानगी गेला." हात झटकून मोकळे. चुंबक हिरवंच.

दुसरा दिवस. सकाळचे नऊ. लख्ख ऊन.

गोलात मिस्त्रीची जागा रिकामी होती. तिथे कोणी सरकलं नव्हतं. वायरमनचं बोलून झालं. आता पाळी रंगाऱ्याची. पण तो तोंडच उघडेना...

सगळे गप्प. दोन वाक्यं बोलायला लागावा तेवढाच वेळ.

"अरे, थांबलास का?" भावोजी ओरडले.

"मिस्त्री बोलत होते ना, साहेब."

भावोजींनी फळ्याकडे पाहिलं.

लिफ्टपुढे लाल चुंबक... आणि त्यावर काळ्या ग्रीसचा अंगठा.

त्यांनी पुन्हा हिरवं लावलं. सकाळी पुन्हा लाल. असं चार दिवस चाललं. शहाण्या माणसाने लिफ्ट बंद ठेवली असती. भावोजींनी ग्रीस पुसायला फडकं मागवलं.

उद्घाटनाला ताई आली, सहा वर्षांच्या भाचीला घेऊन. फीत खालीच कापली. मग सगळे सातवा मजला बघायला निघाले.

"लिफ्ट चालू आहे ना हो?" ताईने विचारलं.

"एकदम झकास! तुम्ही दोघी व्हा पुढे."

आणि स्वतः निघाले जिन्याने. व्यायाम म्हणे!

ताईने बटण दाबलं. दार मिटता मिटता उघडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा उघडलं...

ग्रीसचा वास आला.

आणि अगदी कानाशी, एक दमलेला आवाज...

"ताई, उतरा. चाचणी बाकी आहे."

ताईने लेकीला ओढून बाहेर काढलं. दार मिटलं. रिकामी लिफ्ट सुसाट वर गेली आणि छताला आदळली. अख्खी इमारत हादरली.

भावोजी जिन्यावरून धडपडत खाली आले.

"तुम्हाला माहीत होतं," ताई म्हणाली.

"मला कोणी काही बोललंच नव्हतं!"

तेव्हापासून ताई आणि भाची माझ्याकडे राहतात. गेल्या आठवड्यात ताई कपडे आणायला तिकडे गेली होती. परत आल्यावर तिने सांगितलं.

त्यांच्या फ्रिजवर भावोजींचा फोटो आहे. त्या फोटोवर लाल चुंबक होतं... ग्रीसचा अंगठा उमटलेलं.

"काढलंस?" मी विचारलं.

"नाही."

"भावोजींना सांगितलंस?"

"नाही."

फोन माझ्या हातातच होता. मीही लावला नाही.

भावोजी मला मनापासून आवडत नाहीत. तरी रोज सकाळी नऊ वाजले, की माझं लक्ष फोनकडे जातं...